सेशन संपवताना: दोन घड्याळांची गोष्ट

नोकरीच्या सुरुवातीला मला मिळालेलं काम एका ओळीचं होतं: वेब ॲपमध्ये १५ मिनिटं वापर नसेल तर वापरकर्त्याला लॉगआउट करायचं आणि त्याआधी इशारा द्यायचा. मी ब्राउझरमध्ये टायमर लावला. माउस हलला किंवा कळ दाबली की तो पुन्हा शून्यापासून सुरू. टेस्टिंगमध्ये सगळं नीट चाललं.

मग एक तक्रार आली. एका बाईंनी अर्धा तास बसून मोठा अर्ज भरला, 'सेव्ह' दाबलं आणि समोर लॉगिनचं पान आलं. लिहिलेलं सगळं गेलं. त्या तर सतत टाइप करत होत्या! पण टाइप करताना सर्व्हरकडे एकही रिक्वेस्ट जात नव्हती, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी त्या केव्हाच उठून गेल्या होत्या. माझा टायमर मात्र प्रत्येक अक्षराला नव्याने सुरू होत होता, म्हणून इशाराही आला नाही. दोन घड्याळं, दोन वेगळ्या वेळा. त्या बाईंचा अर्धा तास वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून मी सर्व्हरचं घड्याळ खरं धरतो. माणूस खरोखर काम करत असेल तर ब्राउझरने मिनिटातून फार तर एकदा छोटी रिक्वेस्ट पाठवायची, आणि सेशन, म्हणजे लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचा काळ, कधी संपणार ते सर्व्हरच्या उत्तरातून घ्यायचं.

इथे उलटी चूकही होते, आणि ती सहज लक्षात येत नाही. नोटिफिकेशनसाठी दर ३० सेकंदांनी आपोआप जाणारी रिक्वेस्टसुद्धा सेशन वाढवत राहते. मग खुर्ची रिकामी असली तरी लॉगआउट कधी होतच नाही. म्हणून 'शेवटची हालचाल' ही वेळ स्वतः वेगळी नोंदवा आणि आपोआप जाणाऱ्या रिक्वेस्ट तिच्यात धरू नका. ॲप ज्या तयार सॉफ्टवेअरवर उभं आहे, त्यातली सेशनच्या मुदतीची मूळ सेटिंगही आधी बघून घ्या. टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये ती ३० मिनिटं असते. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेत १४४० सेकंद, पण त्यानंतर डेटा लगेच पुसला जाईलच असं नाही.

इशाऱ्यात दाखवायचे उरलेले सेकंद टायमरने एकेक करून वजा करू नका. क्रोम ८८ पासून, ५ मिनिटांहून जास्त वेळ झाकलेल्या टॅबमधले टायमर मिनिटातून एकदाच चालू शकतात, आणि लॅपटॉप झोपला तर थांबतातच. सेशन संपण्याची वेळ साठवून ठेवा, दर वेळी आत्ताच्या वेळेशी ताडून बघा आणि टॅब पुन्हा समोर आला की सर्व्हरला विचारा. एका टॅबमध्ये 'सुरू ठेवा' दाबलं तर बाकीच्या टॅबनाही कळलं पाहिजे. त्यासाठी ब्रॉडकास्ट चॅनल, म्हणजे टॅबना एकमेकांना निरोप देता येणारी ब्राउझरची सोय, पुरतं.

डब्ल्यूसीएजी, म्हणजे वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात यासाठीचे निकष, त्यातल्या २.२.१ या कलमात मुदत वाढवून देण्याचा जो पर्याय आहे, त्यात सोप्या कृतीने ती वाढवायला किमान २० सेकंद आणि अशी संधी किमान १० वेळा द्यायला सांगितलं आहे. मला २० सेकंद फारच अपुरे वाटतात. हळू वाचणाऱ्याला, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला दोन मिनिटं तरी द्या. कीबोर्डचा फोकस इशाऱ्यावर न्या, पण प्रत्येक सेकंद स्क्रीन रीडरने मोठ्याने वाचावा असं करू नका, ऐकणारा वैतागतो.

मुदत किती ठेवायची हे धोक्यावर ठरतं. ओवास्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेने जास्त धोक्याच्या ॲपसाठी २ ते ५ मिनिटं आणि कमी धोक्याच्या ॲपसाठी १५ ते ३० मिनिटं सुचवली आहेत.

एवढं करूनही सेशन संपणारच. कुणाला फोन येतो, कुणी मध्येच उठून जातं. म्हणून अर्जाचा मसुदा अधूनमधून सर्व्हरवर त्या वापरकर्त्याच्या नावे ठेवा. सामायिक संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो ठेवणं धोक्याचं. सर्व्हरकडून ४०१, म्हणजे 'लॉगिन नाही' असं सांगणारा कोड, आला की पडद्यावरची खाजगी माहिती झाका, लॉगिन घ्या, आणि तोच माणूस परत आला आहे याची खात्री करूनच मसुदा उघडा. सीएसआरएफ टोकनही (रिक्वेस्ट आपल्याच पानावरून आली याची खूण) नवं घ्यायला लागतं; ते विसरलात तर लॉगिननंतरचं पहिलंच 'सेव्ह' पुन्हा फसतं.

टेस्टिंगच्या सर्व्हरवर मुदत २ मिनिटांवर आणा. एकदा नुसतं टाइप करत राहा, एकदा लॅपटॉप मिटून ठेवा, एकदा दोन टॅब उघडून त्यातल्या एकातच काम करा. माझी पहिली चूक यातल्या पहिल्याच चाचणीत सापडली असती.