वर्ल्ड बँकेच्या पैशातलं टेंडर कसं शोधायचं आणि भरायचं

पहिली गोष्ट, टेंडर बँक काढत नाही. वर्ल्ड बँक किंवा एडीबी (आशियाई विकास बँक) त्या देशाच्या सरकारला कर्ज देते, आणि खरेदी करतं तो प्रोजेक्ट चालवणारं तिथलं सरकारी खातं, त्यामुळे बिड भरायचं, शंका विचारायच्या, करार करायचा, सगळं त्यांच्याशीच.

नोटिसा बँकेच्या वेबसाइटवर आणि यूएन डेव्हलपमेंट बिझनेस या संयुक्त राष्ट्रांच्या टेंडर-वेबसाइटवर येतात. पण नुसत्या नोटिशीची वाट बघत बसलात तर हातात जेमतेम काही आठवडे उरतात, म्हणून मंजूर प्रोजेक्टचा प्रोक्युरमेंट प्लॅन, म्हणजे खरेदीचा आराखडा, आधीच उघडून बघा, कुठलं पॅकेज (एका टेंडरमधलं काम) साधारण कधी निघणार, कुठल्या पद्धतीने, ते त्यात असतं. माझ्या मते खरी आघाडी इथेच मिळते. कन्सल्टन्सी असेल तर आधी एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट (काम करायची इच्छा कळवणारा अर्ज), शॉर्टलिस्ट झालात तरच प्रपोजल.

डॉक्युमेंट हातात आलं की किमतीकडे नंतर वळा, आधी पात्रता वाचा. टर्नओव्हर, तसल्याच कामाचा अनुभव, यात कमी पडत असाल तर जॉइंट व्हेंचर करा. पार्टनर बँकेने टेंडरला बंदी घातलेल्यांच्या यादीत नाही ना हे नक्की बघा, कारण 2010 च्या करारामुळे पाच मोठ्या बँका एकमेकींची बंदी मानतात.

बिड सिक्युरिटी, म्हणजे बिडसोबत द्यायची हमी, दिलेल्या नमुन्यातच हवी, रक्कम आणि मुदत तपासा. शंका लेखीच विचारा, मुदतीच्या आत. आणि प्लीज, शेवटच्या दिवशी सबमिट करू नका, उशिरा आलेलं बिड उघडतच नाहीत!

हरलात तर कारण लेखी मागा, तो तुमचा हक्क आहे.