परस्पर संमतीने घटस्फोट: संमतीच्या अटी कशा लिहाव्यात

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचे ठरले की पती-पत्नीचे सारे लक्ष हुकूमनामा, म्हणजे न्यायालयाचा घटस्फोटाचा अंतिम आदेश, कधी मिळेल याकडे लागते, आणि त्याचा पाया असलेल्या संमतीच्या अटी, म्हणजे दोघांत ठरलेल्या बाबींचा लेखी मसुदा, मात्र शेवटच्या आठवड्यात, एखाद्या जुन्या नमुन्यावरून घाईने लिहिल्या जातात. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा, कारण मुलांना कधी भेटायचे, घराचे हप्ते कोणी भरायचे आणि पैसे केव्हा द्यायचे यांवरचे पुढचे बहुतेक वाद या अटींतील मोघम शब्दांतूनच उद्भवतात.

आधी कायद्याची चौकट पाहू. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. त्याच्या कलम १३-ब नुसार उभयतांना आपण किमान एक वर्ष वेगळे राहत आहोत, एकत्र नांदणे शक्य झालेले नाही आणि विवाह संपवण्यावर आपले एकमत आहे, असे सांगून संयुक्त अर्ज करावा लागतो. नोंदणी पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न झाले असेल तर त्या कायद्याच्या कलम २८ मध्ये अशीच तरतूद आहे. एकाच घरात राहूनही पती-पत्नी म्हणून संबंध उरलेला नसेल तर तेही वेगळे राहणेच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच स्पष्ट केले आहे. मुद्रांक कागदावर नोटरीसमोर केलेली सोडचिठ्ठी मात्र, समाजातील प्रथा न्यायालयात सिद्ध करता येत असेल तेवढा अपवाद वगळता, विवाह संपवत नाही. तिच्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास ते अवैध ठरू शकते.

अर्जानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा संमती सांगायची असते. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. वेगळे राहून दीड वर्ष उलटले असेल, समेटाचे प्रयत्न फसले असतील आणि पोटगी, मुलांचा ताबा वगैरे बाबी खरोखर मिटलेल्या असतील, तर सहा महिन्यांची ही मुदत न्यायालय माफ करू शकते, असा २०१७ चा निर्णय आहे. म्हणजे पूर्ण आणि नेमक्या अटी वेळही वाचवतात.

पोटगीची बोलणी दोघांनी उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जे एकमेकांसमोर लेखी मांडल्यावरच सुरू करावीत. पोटगीच्या वादात असे शपथपत्र दोन्ही पक्षांनी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. संमतीच्या प्रकरणातही तोच नमुना समोर ठेवला तर लपवाछपवीला वाव राहत नाही. एकरकमी रक्कम ठरली तर किती भाग अर्जाच्या वेळी, किती दुसऱ्या संमतीच्या दिवशी आणि कोणत्या मार्गाने द्यायचा, हे तारखांसह लिहावे. पत्नीने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलांच्या पालनपोषणाच्या खर्चाचा हक्क तिला सोडता येत नाही, कारण तो हक्क मुलांचा आहे.

मुलांविषयीच्या अटींवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘वडिलांना योग्य वेळी भेटता येईल’ हे वाक्य वाचायला सौम्य आहे, परंतु ‘योग्य’ म्हणजे काय हे मतभेदाच्या दिवशी कोण ठरवणार? कोणता वार, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, मुलाला कोण आणणार व पोहोचवणार, सुट्ट्या आणि सण कसे वाटायचे, फोन कधी करायचा, शाळा आणि शस्त्रक्रियेचा निर्णय कोण घेणार, पासपोर्टवर सही कोण करणार, हे सर्व लिहून काढावे. परिस्थिती बदलल्यास मुलाच्या हितासाठी न्यायालय या अटींत बदल करू शकते, त्यामुळे तपशील लिहिल्याने कोणी कायमचे अडकत नाही.

संयुक्त गृहकर्ज हा दुर्लक्षित राहणारा भाग आहे. हप्ते पती भरेल असे तुम्ही आपसात ठरवले तरी ते बँकेवर बंधनकारक नसते. बँकेच्या लेखी दोघेही कर्जदारच राहतात. म्हणून कर्जातून नाव कमी करण्यास बँकेची लेखी मान्यता आणि घराचे हक्कसोडपत्र नोंदवण्याची तारीख आधीच ठरवावी. स्त्रीधन पत्नीचेच असते; दागिन्यांची वजनासह यादी करून ते परत दिल्याची पोच घ्यावी.

एकमेकांविरुद्ध फौजदारी तक्रारी असतील तर ‘त्या मागे घेऊ’ एवढे लिहून भागत नाही. पत्नीच्या छळाचा गुन्हा सामान्यतः तडजोडीने मिटत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो कोण, केव्हा करणार आणि खर्च कोणाचा, हे नमूद करावे.

घरात मारहाण किंवा धमकी असेल तर मात्र वाटाघाटींना बसण्यापूर्वी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश मागावा. भीतीपोटी केलेली सही ही संमती नव्हे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि कौटुंबिक न्यायालयातील समुपदेशकाला एकटीने भेटण्याची विनंतीही करता येते.

मसुदा तयार झाल्यावर तो दोघांनी शक्यतो वेगवेगळ्या वकिलांकडून तपासून घ्यावा. हुकूमनामा झाल्यावर त्याच्या प्रमाणित प्रती घ्याव्यात आणि बँक, विमा व भविष्य निर्वाह निधीतील वारसनोंदी लगेच बदलाव्यात.