हार्नेसला लटकेल असा कॅमेरा घेताना काय काय बघायचं

दर डिसेंबरात ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न येतोच, की सुळक्यांवर न्यायला छोटा दणकट कॅमेरा कुठला घेऊ, आणि पुढे गुलमर्गला नाहीतर औलीला स्कीइंगला जायचंय तर तिकडेही तोच चालेल का. मग पाच जण पाच मॉडेलं सांगतात, सहावा म्हणतो फोन आहे ना खिशात, आणि विषय तिथेच बारगळतो. माझं म्हणणं असं की मॉडेल सगळ्यात शेवटी ठरवा. आधी हे ठरवा की कॅमेरा अंगावर कुठे राहणार आणि एका हाताने, ग्लोव्ह न काढता, तो बाहेर येऊन फोटो निघतो का. मेगापिक्सेल कितीही असू देत, कॅमेरा सॅकच्या तळाशी असेल तर तेलबैलाच्या कातळभिंतीवर मध्येच लटकून सॅक कोण उघडतंय? कोणीच नाही. फोटो निघतात ते फक्त पार्किंगमध्ये आणि जेवताना.

फोनचं आधी उरकून टाकू. फोनचे फोटो आता भारी येतात, बऱ्याच वेळा रग्ड (म्हणजे दणकट, वॉटरप्रूफ) कॅमेऱ्यापेक्षा चांगले येतात, त्यात वाद नाही. पण ओल्या बोटांना टचस्क्रीन नीट दाद देत नाही, जाड ग्लोव्ह असेल तर विसराच, आणि आयफोनसाठी ॲपल स्वतःच ० ते ३५ डिग्रीमध्ये वापरा असं सांगतं, त्यामुळे बर्फात तो मध्येच बंद पडला तर तक्रार कोणाकडे करणार. शिवाय तिकिटं, मॅप, पैसे, घरी फोन करणं सगळं त्याच्यावरच, तो दरीत गेला की परतीचा प्रवास पण गेला. ॲक्शन कॅमेरा म्हणाल तर व्हिडिओसाठी जरूर घ्या, पण फोटोत लेन्स इतकी वाइड पडते की पन्नास फुटांवरचा क्लाइंबर मुंगीएवढा दिसतो.

आता डब्यावरचे आकडे. ऑलिंपसचा टीजी-६ (२०१९) आणि त्याच्या मागून ओएम सिस्टिम नावाने आलेला टीजी-७ (२०२३), ही जोडी सगळ्यांना माहीत असते म्हणून तीच उदाहरणाला घेतो. पाण्यात १५ मीटर, २.१ मीटरवरून पडलं तरी चालेल, १०० किलोचा दाब, उणे १० डिग्री थंडी. रिकोचा डब्ल्यूजी-६ पाण्यात २० मीटर सांगतो, निकॉनचा डब्ल्यू३०० ३० मीटर, पॅनासॉनिकचा एफटी७ ३१ मीटर. दुकानदार हाच खोलीचा आकडा पुढे करून कॅमेरा विकतो. पण आपण काय डायव्हिंगला चाललोय का? भिवपुरीच्या धबधब्यात रॅपलिंगला (दोरावरून खाली उतरायला) यातला कुठलाही चालतो, फक्त थेट धारेखाली धरून बसू नका, कारण तो आकडा स्थिर पाण्यातला असतो, वरून आदळणाऱ्या पाण्यातला नाही.

पडण्याचा आकडा मात्र नीट समजून घ्या. २.१ मीटर म्हणजे उभ्या माणसाच्या हातून सुटून जमिनीवर, बस. पिचवरून (चढाईच्या मधल्या टप्प्यावरून) सुटलेला कॅमेरा वाचणार नाही, आणि कॅमेऱ्याचं जाऊ दे, खाली बिले देणाऱ्याच्या (चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याच्या) डोक्यावर पाव किलोचं वजन येतंय (टीजी-७ बॅटरीसकट साधारण २४९ ग्रॅम भरतो). तसंच १०० किलोचा दाब म्हणजे सपाट, पसरलेला दाब, आपल्या सह्याद्रीतल्या बेसाल्टचा टोकदार कोपरा स्क्रीनला घासला तर ओरखडा पडणारच, त्यामुळे काच लावून घ्या.

त्यापेक्षा मी आधी बघतो ते लेन्सकडे. कॅमेरा ऑन केल्यावर लेन्स नळीसारखी बाहेर येते की आतच राहते? वर सांगितलेल्या सगळ्या रग्ड कॅमेऱ्यांत झूम बॉडीच्या आत होतो. सोनीच्या आरएक्स१०० सिरीजसारख्या छोट्या कॅमेऱ्यांत लेन्स बाहेर येते, आणि त्या फटीत हाताला लावायच्या चॉकची पावडर, मातीचे कण, बर्फाचा चुरा जातो, मग एक दिवस लेन्स अर्धवट बाहेर येऊन अडकते. फोटो मात्र आरएक्स१०० चे कितीतरी सरस, कारण त्याचा एक इंची सेन्सर रग्ड कॅमेऱ्यांतल्या सेन्सरच्या क्षेत्रफळाने साधारण चौपट आहे. रिकोचा जीआर ३ घ्या, त्याचा सेन्सर तर अजून मोठा, वजन २५७ ग्रॅम, एका हाताने चालवायला अप्रतिम, पण पाणी-धुळीपासून वेदर सीलिंग नाही आणि झूमही नाही. माझा हिशोब साधा आहे. फक्त कोरड्या सीझनमध्ये चढणार असाल, कॅमेरा जपण्याची सवय असेल, फोटो मोठे प्रिंट करायचे असतील तर हे घ्या आणि पाउचमध्ये ठेवा. पावसाळी रॅपलिंग आणि बर्फ दोन्ही करणार असाल तर टीजीसारखा रग्डच, थोडा ग्रेन (फोटोतले दाणे) सहन करा, तसंही क्लाइंबिंगचे फोटो बहुतेक लख्ख उन्हातच निघतात.

वाइड बाजू मात्र तपासा, लेन्सचा मिमीचा आकडा जितका लहान तितकं जास्त फ्रेममध्ये मावतं. २८ मिमी आणि २५ मिमी हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण स्टेशनच्या (दोर बांधून थांबायच्या जागेच्या) अरुंद लेजवर, म्हणजे कातळातल्या पायरीवर, पाठ भिंतीला टेकवून उभे असता आणि सेकंड मॅन (मागून चढणारा) तीन फुटांवर येतो तेव्हा मागे सरकायला जागाच नसते. स्कीइंगला उलटं, तिथे माणूस लांब असतो आणि टीजीचा १०० मिमीपर्यंतचा झूम तोकडा पडतो. उपाय एवढाच की तुम्ही उताराच्या कडेला थांबा आणि मित्राला सांगा की माझ्या जवळून वळण घे, मधल्या वाटेत उभं राहून मागून येणाऱ्यांच्या शिव्या खाऊ नका.

लटकवायचं कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच सगळे ढिसाळपणा करतात. गळ्यातला पट्टा नको, तो कुठेही अडकतो. मनगटाचा पण नको, जुमारिंग करताना (दोराला क्लॅम्प लावून वर चढताना) हात मोकळा पाहिजे. कॅमेऱ्याच्या लूपमधून २ किंवा ३ मिमीची ॲक्सेसरी कॉर्ड ओवा, दुसऱ्या टोकाला छोटा कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी), आणि तो हार्नेसच्या, म्हणजे कमरेला बांधायच्या पट्ट्याच्या, गियर लूपला (सामान अडकवायच्या लूपला). लांबी एवढीच की हात पूर्ण लांब केला तरी कॉर्ड ताणू नये, आणि सोडला तर गुडघ्याच्या वरच लटकावा, त्याखाली गेला की पायात येतो. कॅमेरा ठेवायला छातीवर सॅकच्या पट्ट्याला किंवा कमरेला बाजूला झाकणाचं पाउच, वेल्क्रोपेक्षा चेन बरी. स्कीइंगला पाउच छातीच्या मधोमध ठेवू नका, तोंडावर आपटलात तर कॅमेरा बरगडीत घुसतो. आणि रॅपलिंग करताना ही कॉर्ड डिसेंडरच्या (दोरावरून उतरायच्या साधनाच्या) आसपास फिरकता कामा नये, एकदा का रोपबरोबर ओढली गेली की मध्येच अडकलात, म्हणून उतरण्याआधी सगळं पाउचमध्ये कोंबून चेन लावायची. बिले देताना फोटो अजिबात नाही, हा तर नियमच समजा, ब्रेक हँड (दोर रोखून धरणारा हात) कॅमेऱ्यासाठी सुटत नसतो. चांगले फोटो हवे असतील तर कोणीतरी एकाने त्या दिवशी फक्त फोटोच काढावेत, वेगळ्या फिक्स्ड रोपवर (आधीच बांधलेल्या दोरावर) वर जाऊन थांबावं, नाहीतर खालून काढलेल्या प्रत्येक फोटोत क्लाइंबरची पँटच दिसते.

दुकानात काय करायचं? फोर्टात, बोरा बाजारात जा, आणि जाताना घरातले ग्लोव्ह घेऊन जा. हो, मे महिन्यात घामाघूम होऊन ग्लोव्ह घालताना काउंटरवरचा माणूस वेड्यात काढेल, काढू दे. ग्लोव्ह घालून कॅमेरा ऑन करा, झूम करा, फोटो काढा, बंद करा, सगळं एका हाताने. बटणं एकमेकांना चिकटून असतील तर दोन दाबली जातात. मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, शोधा. ते बटणावर किंवा डायलवर आहे की मेनूच्या चौथ्या पानावर, हे फार महत्त्वाचं. बर्फात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो, सगळं पांढरं दिसलं की तो फोटो राखाडी करतो, तिथे अधिक १ ते दीड स्टॉप द्यावा लागतो. आपल्याकडे नेमकं उलटं, काळा कातळ फ्रेमभर असला की मीटर उजेड वाढवतो आणि मागचं आकाश पांढरंफटक, तिथे उणे करावं लागतं. यासाठीच रॉ फाइल (नंतर उजेड दुरुस्त करता येतो अशी कच्ची फाइल) मिळत असेल तर उत्तम, टीजी-६ आणि ७ देतात, डब्ल्यू३०० देत नाही. पोलराइज्ड गॉगल वापरत असाल तर तो घालून स्क्रीन आडवी आणि उभी धरून बघा, काही स्क्रीन एका बाजूला पूर्ण काळ्या दिसतात आणि बर्फात आधीच स्क्रीन दिसायची मारामार असते.

बॅटरीचं दार उघडून बघा. दुहेरी लॉक हवं आणि आतलं रबराचं सील स्वच्छ हवं. त्या सीलवर एक केस किंवा वाळूचा एक कण बसला तरी पाणी आत येतं, म्हणून दर वेळी दार लावण्याआधी सीलवरून मऊ कापड फिरवायचं. सेकंडहँड घेणार असाल तर वॉटरप्रूफ हा शब्द विसरून जा आणि सील नवीन बसवून मिळेल का ते विचारा, ऑलिंपससारख्या कंपन्या तर सील दर वर्षी बदला असंच सांगतात. बिलावर भारतातली वॉरंटी आहे का तेही बघा.

मुंबईकरांसाठी एक खास त्रास आहे. हा कॅमेरा हवाबंद असतो, म्हणजे तुम्ही दादरच्या घरात जुलैमध्ये बॅटरी बदलून दार लावलंत की इथली दमट हवा आत कोंडली जाते, आणि थंड जागी गेलात की तीच वाफ लेन्सच्या आतून धुकं बनून बसते, बाहेरून कितीही पुसा. म्हणून कार्ड आणि बॅटरीची कामं एसीत नाहीतर कोरड्या हवेत उरका. एरवी कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा, कपाटात कपड्यांमध्ये ठेवला की पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. बर्फातून हॉटेलच्या गरम खोलीत येताना बाहेरच झिपलॉक पिशवीत घालून पिशवी बंद करा आणि कॅमेरा खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका.

उणे १० हा आकडा कॅमेऱ्याचा आहे, बॅटरी त्याच्या खूप आधी रडायला लागते. गुलमर्गला गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवटवर साधारण ३,९८० मीटरपर्यंत नेतो, तिथे भर हिवाळ्यात पारा उणे १० च्या खाली जातो. थंडीत लिथियम बॅटरी संपत नाही, फक्त करंट देईनाशी होते, आतल्या खिशात गरम केली की परत चालते. म्हणून एक कॅमेऱ्यात, दोन आतल्या खिशात, अदलाबदल करत राहा. बदलताना मात्र बर्फाकडे पाठ करून, सीलवर चुरा पडू न देता. आणि विमानाने जाताना स्पेअर बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, त्या हँडबॅगेतच न्यायच्या असतात, टोकांना चिकटपट्टी लावून किंवा प्लास्टिकच्या डबीत घालून.