सिंथ दर वेळी नव्यानं हिशोब करतो: सिनेमा-गेमच्या पार्श्वसंगीतात या चुका टाळा

चवथीनंतरचं घर. गणपती पोचवून झालाय, मोठी सून रिकाम्या माटोळीखाली (गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीखाली) उभी आहे. संवाद नाही. खाली सिंथचा, म्हणजे संगणकावरच्या सिंथेसायझरचा, एकच लांब पॅड (धरून ठेवलेला पसरट आवाज), आणि ती वर बघते त्या क्षणी त्या पॅडचा फिल्टर अलगद उघडतो, आवाज उजळतो. गोव्यात, फोंड्यातल्या माझ्या खोलीत बसून दिग्दर्शक म्हणाला, "बस, हेच." दोन दिवसांनी मी फाइल काढून पाठवली आणि अर्ध्या तासात त्याचा फोन: "काय बदललंस रे?"

मी एका खुंटीलाही हात लावला नव्हता. पण फिल्टर आता ती वर बघायच्या चार सेकंद आधीच उघडत होता, आणि सगळा प्रसंग मोडला होता.

दोष माझाच. पॅडचा फिल्टर हलवणारा एलएफओ (आवाज सावकाश मागेपुढे करणारं चक्र) मी ‘फ्री’ ठेवला होता. असा एलएफओ सूर दाबल्यावर सुरू होत नाही. प्लगइन (म्हणजे सिंथचं सॉफ्टवेअर) उघडल्यापासून तो आपल्या घड्याळावर फिरत असतो आणि तुमचा सूर येतो तेव्हा तो फेरीत कुठंही असू शकतो. माझ्या एलएफओचा वेग ०.१ हर्ट्झ होता, म्हणजे दहा सेकंदांची एक फेरी. त्यात चार सेकंद इकडे-तिकडे व्हायला काहीच लागत नाही.

सॉफ्टवेअर सिंथ शिकताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं. रेकॉर्ड केलेली पेटी दर वेळी तशीच वाजते. सिंथ मात्र दर वेळी आवाज नव्यानं मोजून काढतो. वाजवणाऱ्याला त्यात मजा असते, पण सिनेमाच्या संकलकाला आणि गेमच्या प्रोग्रामरला आज, उद्या आणि पुढच्या वर्षी नेमका तोच आवाज हवा असतो. माझ्या हातून झालेल्या आणि शिकायला येणाऱ्या पोरांच्या प्रोजेक्टमध्ये दिसणाऱ्या बऱ्याचशा चुका इथूनच निघतात.

उपाय सोपा आहे. चित्राशी जुळलेली हालचाल एलएफओवर सोडूच नका, कटऑफचं (फिल्टर किती उघडा त्याचं) ऑटोमेशन, म्हणजे वेळेनुसार बदलाची रेष, हातानं काढा. एलएफओच ठेवायचा असेल तर ‘रिट्रिगर’ करा, म्हणजे तो दर सुराला पहिल्यापासून सुरू होईल. त्यातही एक खोच आहे: कॉर्डमधले सूर मागेपुढे दाबले असतील तर काही सिंथमध्ये प्रत्येक सुराचा एलएफओ आपापल्या वेळी सुरू होतो आणि एकसंध उघडण्याऐवजी फिल्टर खळखळल्यासारखा ऐकू येतो. ऑसिलेटरची (मूळ लाट काढणाऱ्या भागाची) सुरुवातीची फेजही, म्हणजे लाट कुठून सुरू होते तेही, तपासा. ती ‘रँडम’ असेल तर बेसचा तोच सूर एकदा ठणकन येतो, एकदा मऊ. जुन्या ॲनालॉग सिंथसारखं वाटावं म्हणून दिलेली, सूर किंचित डळमळवणारी ‘ड्रिफ्ट’ची खुंटी पॅडला शोभते, चित्रातल्या ठोक्यावर बसवायच्या आवाजाला नाही.

आणि दिग्दर्शक "हेच" म्हणाला की त्याच्यासमोरच तो ट्रॅक ऑडिओ करून टाका, म्हणजे आवाजाची पक्की फाइल काढून ठेवा. चहा नंतर. फाइलच्या नावात तारीख आणि कटचा क्रमांक घाला. ‘फायनल_खरंच_फायनल’ हे नाव मी तीन वर्षं वापरलं आणि पस्तावलो.

दोन मिनिटांचा क्यू ११० सेकंदांत संपला

सँपल रेट म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा. गाण्यांची सवय असलेले लोक ४४.१ किलोहर्ट्झवर काम करतात, कारण सीडीचा तो आकडा. सिनेमा आणि व्हिडिओचा आकडा ४८. बहुतेक सॉफ्टवेअर दुसऱ्या रेटची फाइल आत घेताना बदलून घेते किंवा बदलू का म्हणून विचारते. घाईत तिथं ‘नाही’ दाबलं की ४४.१ ची फाइल ४८ च्या वेगानं पळते. १२० सेकंदांचा क्यू (एका प्रसंगाचा संगीताचा तुकडा) ११०.२५ सेकंदांत संपतो आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतो. गंमत अशी की पॅड असेल तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही, उलट ‘जरा ब्राइट केलंस, छान’ असं म्हणतात. मग त्यावर गायिकेचा आलाप येतो आणि सगळं उघडं पडतं.

फ्रेम रेटचंही तसंच. सेकंदाला २४ फ्रेमचं चित्र २५ वर पळवलं तर दहा मिनिटांचं रीळ ९ मिनिटं ३६ सेकंदांचं होतं, हे निदान लगेच दिसतं. २४ आणि २३.९७६ चा गोंधळ जास्त वाईट, कारण पहिल्या मिनिटात काहीच कळत नाही आणि तासाअखेर ३.६ सेकंदांची तफावत पडलेली असते. काम घेतानाच सँपल रेट, फ्रेम रेट, सुरुवातीचा टाइमकोड (चित्रावरचं घड्याळ) आणि कट, म्हणजे संकलन, पक्का झाला आहे की नाही, एवढं लेखी मागून घ्या. ‘कट लॉक आहे, फक्त एक छोटासा बदल’ हे वाक्य ऐकलं की लॉक झालेला नाही असं समजावं.

चटचट आवाज येतोय

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. लोक लगेच नवा लॅपटॉप घ्यायला निघतात. आधी जरा गणित करा. एका प्रीसेटमध्ये (सिंथच्या तयार आवाजात) दोन ऑसिलेटर, प्रत्येकाला १६ आवाजांचा युनिसन (एकाच सुराच्या १६ प्रती), आणि तुम्ही सहा सुरांची कॉर्ड धरली. झाले १९२ ऑसिलेटर. रिलीज (सूर सोडल्यावर विरायचा वेळ) आठ सेकंदांचा असेल आणि कॉर्ड दर चार सेकंदांनी बदलत असेल, तर आधीच्या दोन कॉर्डही अजून मागे वाजतच आहेत. १९२ चे पाचशेच्या वर गेले. आता असे चार ट्रॅक.

युनिसन १६ वरून ५ वर आणा. मिक्समध्ये फरक ओळखून दाखवलात तर चहा माझ्याकडून. व्हॉइसची (एका वेळी वाजणाऱ्या सुरांची) मर्यादा घाला, मात्र फार खाली नको, नाहीतर सिंथ जुने सूर चोरायला लागतो आणि अचानक बेस गायब होतो. वाजवताना बफर (संगणक एका दमात मोजतो तेवढे सँपल) १२८ ठेवा, ४८ वर तो सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो. मिक्स करताना १०२४ करा, तेव्हा २१ मिलिसेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. झालेले ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरते ऑडिओत बदलून ठेवा.

इथली दोन कारणं मात्र बाहेरच्या शिकवणीच्या व्हिडिओंत सापडत नाहीत. एक, आपला मे महिना. लॅपटॉप तापला की तो स्वतःच आपला वेग कमी करतो, आणि सकाळी सुरळीत चाललेलं प्रोजेक्ट दुपारी दोनला तडतडायला लागतं. दुसरं, पावसात वीज गेली की यंत्र बॅटरीवर जातं आणि वीज वाचवायच्या मोडमध्ये शिरतं. तुम्ही प्लगइनला शिव्या देत बसता. आधी पॉवर सेटिंग बघा.

पेटी, घुमट आणि ४४०

गोव्यातल्या विषयावर काम असेल तर कधीतरी घुमट येणार, भजनी पेटी येणार. इथं सिंथ सरळ ४४० वर (‘ए’ या सुराच्या रूढ ४४० हर्ट्झवर) ठेवून देणं ही चूक मी कितीदा ऐकली आहे. देवळातली जुनी पेटी ४४० ला मिळवलेली असेलच असं नाही. समजा ती ४४५ ला आहे. फरक २० सेंटसुद्धा नाही (शंभर सेंटचा एक अर्धस्वर), पण दोन्हींचा तोच ‘ए’ एकत्र धरला की सेकंदाला पाच हेलकावे ऐकू येतात. लोकांना वाटतं पेटीवाला बेसूर आहे. बिचारा पेटीवाला! पेटीचा एक लांब सूर रेकॉर्ड करून घ्या, ट्यूनरवर मोजा आणि सिंथची फाइन ट्यूनिंग तिच्याकडे सरकवा. पेटीला पिच-करेक्शन लावून ४४० वर ओढू नका, तिच्या पट्ट्यांची किणकिण मरते.

घुमटाचं वेगळंच. मातीचं भांडं, तोंडाला कातडं. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, आता कायद्यानं बंदी आहे म्हणून बकऱ्याचं लावतात. दमट हवेत ते सैल पडतं आणि सूर उतरतो. वाजवणारा ते शेकून घेतो, मग चढतो. म्हणजे पहिल्या टेकचा घुमट आणि दहाव्या टेकचा घुमट एका सुरात नसतात. त्याखाली सिंथचा सब-बेस ठेवायचा असेल तर टेक निवडून झाल्यावरच त्याचा सूर ठरवा, आधी नाही.

मिंडेबद्दल एवढंच: पिच बेंडची मर्यादा बहुतेक सिंथमध्ये मुळात दोन अर्धस्वर असते. तेवढ्यात षड्जावरून पंचमावर कसे जाणार? ती १२ करा, सिंथ मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटोवर (सूर न तोडता जोडून) टाका. सर्ज एक्सटी हा सिंथ फुकट आहे आणि त्यात स्वरांच्या श्रुती फाइलमधून घालता येतात. कोमल गंधार जरा उतरता हवा असेल तर तो मार्ग आहे.

सुंदर आवाज, संवाद गायब

प्रीसेट बनवणाऱ्यानं तो दुकानात खपावा म्हणून बनवलेला असतो. एक सूर दाबला की अख्खं आभाळ भरून येतं. त्या आभाळात माणसाचं बोलणं बुडतं. शब्द कळतात ते मुख्यत्वे १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि उघड्या फिल्टरची सॉ-वेव्ह (करवतीच्या दात्यांसारखी लाट) नेमकी तिथं ठाण मांडून बसते. ‘स’, ‘श’, ‘च’ तर त्याहून वर जातात, तिथं तुमचा नॉइजचा स्वीप असतो.

ईक्यूकडे (आवाजाचे पट्टे कमीजास्त करायच्या साधनाकडे) धावण्याआधी कॉर्डमधले सूर कमी करा. मधला सप्तक रिकामा ठेवा. बोलणं चालू असताना कटऑफ खाली, थांबलं की वर. आणि संवादाचा ट्रॅक बंद करून कधीही संगीत रचू नका, अगदी पहिल्या मसुद्यापासून. प्रीसेटमधला रिव्हर्बही बंद करा. खोली कोणती ते मिक्स करणारा ठरवेल, नाहीतर सहा ट्रॅकच्या सहा खोल्या एकमेकींत घुसतात.

बाहेरचे निर्माते एक फर्माईश हमखास करतात: गोवा आहे ना, मग थोडा ट्रान्स टाक. सांग्यातल्या कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) दृश्यावरसुद्धा. रेझोनन्स चढवलेली ती चिवचिवणारी बेस-लाइन मला आवडते, हणजुण्याच्या किनाऱ्यावर. सुपारीच्या झाडांनी तिचं काय करावं?

दोन गोष्टी ऐकून बघायच्याच. मिक्स मोनो करा, म्हणजे डावं-उजवं एकत्र. डिट्यून केलेला (किंचित बेसूर प्रतींनी रुंद केलेला) पॅड मोनोत कधीकधी निम्मा नाहीसा होतो. आणि फोनवर ऐका. मी एकदा ४० हर्ट्झच्या एकाच घुमणाऱ्या सुरावर अख्खी भीती उभी केली होती. निर्मात्यानं ती कदंबा बसमध्ये फोनवर ऐकली आणि विचारलं, इथं संगीत टाकायचं राहिलं का? फोनचा स्पीकर एवढ्या खालचं वाजवतच नाही. त्या सुराला हलकंसं सॅच्युरेशन (किंचित फाटलेपण) द्या. वरचे हार्मोनिक उमटतात आणि मूळ सूर नसला तरी कान तो भरून काढतो.

गेमचा लूप

गेममध्ये खेळणारा एका पातळीवर वीस मिनिटं अडकू शकतो, म्हणून लूपचा सांधा ऐकू येता कामा नये. तो ऐकू येतो त्याची कारणं ठरलेली आहेत.

पहिलं, रिव्हर्बचं शेपूट. १६ बार (तालाची आवर्तनं) रेंडर केले, म्हणजे फाइलमध्ये काढले, शेवटच्या सुराची घुमक बरोबर शेवटाला कापली गेली आणि पहिला बार कोरडाच सुरू झाला. म्हणून तेच १६ बार लागोपाठ दोनदा वाजवा आणि रेंडरमधून दुसरी फेरी कापून घ्या. तिच्या सुरुवातीला पहिल्या फेरीचं शेपूट आपोआप आलेलं असतं.

दुसरं, पुन्हा तो एलएफओ. १२० च्या लयीत १६ बार म्हणजे ३२ सेकंद. दहा सेकंदांच्या एलएफओच्या त्यात ३.२ फेऱ्या होतात, म्हणजे सांध्यावर फिल्टर उडी मारणार. तो टेम्पोला जोडा, चार किंवा आठ बारांची एक फेरी ठेवा.

तिसरं, एमपी३. त्या स्वरूपात फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता घुसते आणि लूप दर वेळी ठेचकाळतो. ऑग किंवा वेव्ह द्या. वेव्ह जड असते, ४८ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओला मिनिटाला साडेअकरा एमबी. दोन मिनिटांचे पाच थर दिलेत तर ११५ एमबी, आणि मोबाइल गेमवाला तुमचा नंबर ब्लॉक करेल. तिथं ऑगच.

थरांवरून आठवलं. धोका वाढला की ढोल, लढाई लागली की ब्रास, असे थर एकमेकांवर चढवायचे असतील तर सगळे एकाच सँपलवर सुरू आणि एकाच सँपलवर संपायला हवेत. १२० च्या लयीत चार मात्रांचा एक बार ४८ किलोहर्ट्झवर बरोबर ९६,००० सँपलचा होतो. ११० घेतलीत तर १,०४,७२७ आणि वर अपूर्णांक. एक थर खाली गोल झाला, दुसरा वर, की लूप फिरता फिरता ते सरकू लागतात. लय निवडतानाच कॅल्क्युलेटर काढा, किंवा सगळे थर एकाच लांबीवर हातानं कापा.

दोन वर्षांनी प्रोजेक्ट उघडलं

आणि सिंथच्या जागी राखाडी चौकोन. प्लगइनची नवी आवृत्ती जुना प्रीसेट ओळखत नाही, किंवा नव्या यंत्रावर परवानाच नाही. माझ्याकडून एका माहितीपटाच्या दुसऱ्या भागासाठी तीच धून मागितली, तेव्हा माझ्याजवळ मिडी (कुठला सूर कधी दाबला याची नोंद) होती आणि आवाज नव्हता. शेवटी पहिल्या भागाच्या मिक्समधून कानानं ऐकत तीन रात्री तो पॅड पुन्हा उभा केला. नव्वद टक्के जमला.

आता प्रत्येक कामाच्या फोल्डरमध्ये ऑडिओ केलेले स्टेम (वाद्यगटांच्या वेगवेगळ्या फाइल), मिडी, प्रीसेटची वेगळी फाइल आणि कुठल्या प्लगइनची कुठली आवृत्ती हे लिहिलेला एक कागद असतो. डिस्क दोन, एक दुसऱ्या घरी. पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवतो. आई तांदळाच्या डब्यात ठेव म्हणते. मी एकदा ठेवली होती, यूएसबीच्या तोंडातून टाचणीनं कोंडा काढावा लागला.