क्लबमध्ये वाईन टेस्टिंग ठेवताय? मग हे बघून घ्या

मे महिन्यात आपल्या नागपुरात पारा ४५ ला टेकते, म्हणून शक्यतो डिसेंबर-जानेवारीतच ठेवा. एक्साइजच्या परवान्याचं आधी बघा, आणि २१ च्या खालचं कोणी नको.

७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीप्रमाणे १५ जणांचं होते, ४-५ प्रकार पुरे. आधी नाशिकच्या पांढऱ्या, म्हणजे शेनिन ब्लां, सोविन्यों ब्लां, मग गुलाबी रोझे, शेवटी लाल शिराझ, म्हणजे हलकीकडून जडकडे, उलटं केलं की पांढरी पाण्यासारखी लागते.

सगळ्यात जास्त चुकते ते टेम्परेचर. रेड रूम टेम्परेचरला द्या म्हणतात पण ते थंड देशातल्या रूमचं आहे न, १६-१८ डिग्री, आपल्याकडे ३० च्या खोलीत ती नुसती अल्कोहोलसारखी भपकते, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. व्हाइट ८-१० डिग्रीला.

ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवा, वास घ्या, मग छोटा घोट. थुंकायला भांडं ठेवा, त्यात लाज कसली. अत्तर लावून येऊ नका सांगा. सावजी मात्र टेस्टिंग झाल्यावरच, तोवर साधा ब्रेड, पनीर, पाणी. आणि वर्ध्याचे मेंबर असतील तर बाटली सोबत देऊ नका, तिकडे दारूबंदी आहे. गाडी चालवणाऱ्याला फक्त संत्र्याचा रस.