पान वाचण्याआधी पानाबाहेर पडा

अनोळखी वेबसाइट समोर आली की बहुतेक जण ती वरून खालपर्यंत वाचतात, ‘आमच्याविषयी’ उघडतात, मांडणी नीटनेटकी दिसली की निश्चिंत होतात. चूक इथेच होते. ज्याची पारख करायची, त्यालाच आपण साक्षीला बोलावतो.

२०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी १० इतिहासतज्ज्ञ, २५ विद्यार्थी आणि १० व्यावसायिक तथ्यपडताळणीकारांना काही वेबसाइट पारखायला दिल्या. त्यांत अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना होत्या. एक १९३० सालची, हजारो सदस्यांची. दुसरी तिच्यातून फुटून २००२ मध्ये निघालेली, अगदी छोटी. नावं मिळतीजुळती, पानं सारखीच रुबाबदार. बरेच विद्यार्थी आणि काही इतिहासतज्ज्ञही फसले, कारण ते त्या पानावरच रेंगाळले. पडताळणीकारांनी लगेच नवा टॅब उघडला आणि त्या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहिलं.

तेच करा. साइटचं किंवा संस्थेचं नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाकून शोधा. पहिल्याच निकालावर बोट ठेवू नका; आधी आठ-दहा निकालांची शीर्षकं आणि खालच्या दोन-दोन ओळी वाचा. त्या साइटची स्वतःची पानं सोडून द्या. संस्था कोणी काढली, पैसा कुठून येतो, तिच्यावर आक्षेप कोणते, एवढंच हवं असतं. विकिपीडियाचा लेख असेल तर पहिला परिच्छेद वाचा आणि तळाच्या संदर्भांवर जा. दोन मिनिटांत काम होतं.

पत्ताही वाचायला शिका. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे सरका. ‘.कॉम’सारख्या शेवटाच्या लगेच आधीचं नाव मालकाचं. ‘माझीबँक.खाते-तपासणी.कॉम’ या पत्त्याचा मालक बँक नाही, ‘खाते-तपासणी’ हे नाव घेणारा कोणीतरी आहे. शेवटी ‘.ऑर्ग’ असणं हाही पुरावा नाही, ते नाव कोणीही विकत घेऊ शकतं. आणि पत्त्याशेजारचं कुलपाचं चिन्ह फक्त एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधली देवाणघेवाण सांकेतिक लिपीत होते, मधल्या कोणाला वाचता येत नाही. पलीकडचा माणूस खरं बोलतोय की नाही, याच्याशी कुलपाचा संबंध नाही. हा गैरसमज इतका पसरला होता की क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्हच बदललं.

एखादा फोटो आधी कुठे-कुठे आला आहे हे शोधायला गूगल लेन्स आणि टिनआय, ही दोन्ही साधनं वापरा. एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं. पुरात बुडालेल्या रस्त्यावर पोहणारा शार्क तुम्ही पाहिला असेल. तो शार्क २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फोटोतून उचललेला आहे. मूळ फोटोत तो समुद्रात एका छोट्या होडीच्या मागे आहे. पुढे वेगवेगळ्या वादळांच्या वेळी तोच शार्क नव्या रस्त्यावर चिकटवला गेला. असा फोटो तपासताना त्यावर लिहिलेला मजकूर आणि कडा कापून टाका, नाहीतर सर्च त्या अक्षरांमागेच धावतं. टिनआयमध्ये निकाल ‘सर्वात जुना आधी’ असे लावा. काहीच मिळालं नाही तर फोटो आडवा उलटवून पुन्हा टाका, कारण फसवणारे अनेकदा उजवं-डावं बदलतात. तरीही काही न सापडणं म्हणजे फोटो खरा, असं मात्र नव्हे. व्हिडिओ असेल तर दृश्य बदलतं तिथले तीन-चार स्क्रीनशॉट घेऊन हेच करा.

‘संशोधनातून सिद्ध झालं’ असं कुठे दिसलं की मूळ निबंधापर्यंत जा. प्रयोग माणसांवर झाला की उंदरांवर? किती जणांवर? निबंध मागे तर घेतला गेला नाही ना? लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध १९९८ चा. त्यात मुलं होती फक्त १२. नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला, पण त्याचे दाखले अजून फिरतातच.

अनुभवी वाचकही फसतो तो संख्येला. एकच बातमी दहा ठिकाणी दिसली की ती पक्की वाटते. ती दहाही पानं शेजारी-शेजारी उघडा. वाक्यं तीच, चूकही तीच, आणि सगळ्यांच्या मुळाशी एकच वृत्तसंस्था किंवा एकच पोस्ट असेल, तर तुमच्याकडे साक्षीदार एकच आहे. स्वतंत्र म्हणजे ज्याने माहिती स्वतः मिळवली, कागद पाहिला, संबंधितांशी बोलला. चॅटबॉटने दिलेल्या संदर्भांनाही हाच न्याय लावा. प्रत्येक लिंक उघडा, कारण कधी निबंध अस्तित्वातच नसतो, तर कधी असतो पण त्यात ते वाक्य नसतं.

पान बदललं किंवा उडवलं गेलं असेल, तर वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर पत्ता टाकून जुनी प्रत सापडते का पाहा. वादग्रस्त दावा दिसताक्षणी तिथे प्रत जतनही करून ठेवा. खोटा स्क्रीनशॉट दोन मिनिटांत बनवता येतो. तारखेसकट जतन झालेली प्रत खोटी बनवणं तितकं सोपं नाही.