मुलाला बर्किट लिम्फोमा निघालाय? मग पुढचे काही दिवस असे काढा

रिपोर्टमध्ये बर्किट लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा, फार वेगाने वाढणारा कॅन्सर) आलं की आधी बॅग भरा, गूगल नंतर. ह्या कॅन्सरच्या पेशी २४ ते ४८ तासांत दुप्पट होऊ शकतात, त्यामुळे "सोमवारी बघू" हा प्रकार इथे चालतच नाही, आणि जायचं ते लहान मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर असतील तिथेच. बायोप्सीआधीच कोणी स्टेरॉइड चालू करत असेल तर का ते विचारा, कारण त्याने गाठ आक्रसते आणि मग निदानाचाच घोळ होतो.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ज्या वेगाने ही गाठ वाढते त्याच वेगाने ती केमोने विरघळते, आणि खरा धोका पहिल्या आठवड्यात तिथेच असतो. मेलेल्या पेशींमधलं युरिक अ‍ॅसिड, पोटॅशियम, फॉस्फेट एकदम रक्तात उतरतं आणि किडनीवर ताण येतो, ह्यालाच ट्यूमर लायसिस म्हणतात. म्हणून सलाईन धो धो चालू असतं, युरिक अ‍ॅसिड आटोक्यात ठेवायला अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा रासब्युरिकेज देतात. रासब्युरिकेज असेल तर जी६पीडी (रक्तातलं एक एन्झाइम, ते कमी असेल तर ह्या औषधाने लाल पेशी फुटतात) तपासली का हे नक्की विचारा.

तुमचं काम म्हणजे लघवी मोजणं. हसू नका, रात्री तीनला झोपाळलेल्या पोराला उठवून मापाच्या भांड्यात शू करायला लावायची, आकडा आणि वेळ वहीत लिहायची, मगच ओतायची. मी एकदा चुकून न मोजताच ओतली आणि सिस्टरने असं बघितलं की परत हिंमत नाही झाली. लघवी कमी वाटली तर राउंडची वाट बघायची नाही, लगेच सांगायचं.

पाठीत सुई घालून मणक्यातल्या पाण्यात पण केमोचं औषध देतात, मेंदूत आजार नसला तरी, तिथे तो पसरू नये म्हणून. नंतर थोडा वेळ सपाट झोपवतात, तेवढ्यापुरता मोबाईल द्या, शिस्त नंतर.

घरी सोडल्यावर ताप ३८ डिग्री सेल्सिअस (म्हणजे १००.४ फॅरनहाइट) झाला की पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका, आधी वॉर्डला फोन, मग थेट हॉस्पिटल, रात्र असली तरी. थर्मामीटर काखेत लावा, गुदद्वारात अजिबात नाही. तोंड सोलवटतं तेव्हा मऊ ब्रश आणि गार, मऊ खाणं.

आणि हो, बरं होतं का, तर चांगली सोय असेल तिथे दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. उलटायचा असेल तर तो बहुतेक पहिल्या वर्षातच उलटतो, म्हणून त्या वर्षातली एकही तपासणी चुकवू नका, पोरगं कितीही टुणटुणीत दिसलं तरी.